'हयात' हे हॉटेलचं नाव नाही!

मराठी विभागासाठी लेख दे असं एडिटर मॅडम (माझीच रूममेट) म्हणाली तेव्हा मला हसूच आलं. के.जी. ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये. शाळेच्या आवारात मराठी बोलताना सापडलं की दोन रुपये दंड, आणि घरी आल्यावर बाबा त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर मला कौतुकाने इंग्लिश पोएम म्हणायला लावायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण गेली दोन वर्षं मी जितके मराठी फॉर्म भरलेत तितके या हॉस्टेलमध्ये कुणी भरले नसतील, म्हणून हा विषय मीच लिहिलेला बरा.

विषय असा की घरात कुणाला मोठा आजार झाला, त्यातून अपंगत्व आलं, तर सरकारकडून काय मिळतं आणि ते मिळवायचं कसं. रटाळ वाटतोय ना? मलाही वाटायचा, २८ नोव्हेंबर २०२३ पर्यंत.

बाबांचं तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, चक्कीच्या मोटरी, पंखे, मिक्सर. जळलेली कॉइल कापून काढायची, तार मोजायची, नवी भरायची, वार्निश करायचं. सगळा खेळ उजव्या हाताचा आणि वेढे मोजण्याचा. त्या दिवशी संध्याकाळी स्टेटर भरता भरता त्यांच्या हातातून तार सुटली आणि तोंड एका बाजूला गेलं. शेजारच्या काकांना वाटलं थकवा आहे, आईला वाटलं ॲसिडिटी. लिंबूपाणी झालं, झोपवून झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत सहा तास गेले. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला तिथे कळलं. (तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी लिंबूपाणी नाही, सरळ गाडी.) मी तेव्हा फर्स्ट इयरला होते आणि एम-वनचा पेपर चार दिवसांवर होता. तो विषय पुढे केटीत सुटला.

अर्धांगवायू, उजवी बाजू. आणि मेंदूच्या डाव्या भागातच भाषेचं केंद्र असल्यामुळे बोलणंही गेलं. बाबांना सगळं समजतं. पण बोलायला गेले की एकच शब्द येतो : "बरोबर." भूक लागली का? बरोबर. दुखतंय का? बरोबर. नको असेल तरी बरोबर, फक्त डावा हात जोरजोरात हलतो. याला अफेझिया म्हणतात. हा शब्द पुढे येणार आहे.

पहिला झटका दिला तो बँकेने. खात्यात पैसे होते, पण सही बाबांची आणि सहीचा हात बंद. काउंटरवरच्या साहेबांनी चेक परत केला. आई रडकुंडीला आली. नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की यासाठी रिझर्व्ह बँकेने रीतसर सोय करून ठेवलेली आहे : आजारी माणसाने अंगठा द्यायचा, आणि बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखायचा, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. अंगठा शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो. हे मी मॅनेजर साहेबांना नम्रपणे सांगितल्यावर त्यांनी एका माणसाला घरी पाठवलं. म्हणजे नियम होता, फक्त काउंटरपर्यंत पोचला नव्हता. पुढच्या दोन वर्षांत हाच अनुभव इतक्या वेळा आला की मला त्याचं नवल वाटेनासं झालं.

आता मुद्द्यावर येते. सरकारच्या लेखी आजार आणि अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती गंभीर आजार आहे यावर काहीच ठरत नाही, त्या आजाराने शरीरात कायमचं काय उणं केलं यावर ठरतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात एकवीस प्रकार आले. अंधत्व, बहिरेपणा, हातापायाचं अपंगत्व हे ओळखीचे तर आहेतच, शिवाय मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती, स्वमग्नता, मानसिक आजार, अगदी लिहिण्या-वाचण्यातली अक्षमताही आहे. या यादीत कॅन्सर नाही. किडनी नाही. हृदयविकार नाही. पण हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय कापावा लागला तर तो पाय धरतात, आणि घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढलं तर वाचा धरतात. आमच्या अफेझियाचं नाव तर कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

हे माहीत नसल्यामुळे लोक फुकट हेलपाटे घालतात. आपल्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींचं उदाहरण देते (त्यांना विचारून लिहितेय). त्यांच्या नवऱ्याला डायलिसिस लागतं, आठवड्यातून दोनदा. कुणीतरी सांगितलं की अपंगाचं कार्ड काढा, पैसे मिळतात. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांचा खाडा झाला, आणि शेवटी कळलं की किडनी या यादीत बसत नाही. त्यांना हवं ते दुसऱ्याच खिडकीत होतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ पासून आत्ताचं नाव आलं, आणि १ जुलै २०२४ पासून वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यालाच गाठायचं. ॲडमिट होऊन, बिल भरून, मग योजना विचारली तर काही उपयोग होत नाही. आणि हॉस्पिटल योजनेत आहे की नाही हेही आधीच विचारायचं. आम्ही बाबांना जिथे नेलं ते नव्हतं. आईचे पाटल्या-बिलवर तिथेच गेले.

मावशींच्या बाबतीत आणखी एक गंमत निघाली. त्यांच्या पगारातून दर महिन्याला ई.एस.आय.चे पैसे कापले जात होते आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं! कंत्राटदार कापतो पाऊण टक्का, स्वतः भरतो सव्वातीन टक्के. त्यावर मावशींचाच नाही तर कुटुंबाचाही औषधोपचार होतो. मोठ्या उपचारांना मात्र नोकरीचा आणि वर्गणीचा ठराविक काळ पूर्ण झालेला लागतो. त्यांच्याकडे साधा इन्शुरन्स नंबर नव्हता. तो पगाराच्या स्लिपवर असतो, आणि स्लिप मिळत नव्हती. मागितल्यावर मिळाली.

हॉस्टेलचे वॉचमन काका, सफाईवाले दादा, मेसचे सगळे, तुमच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. ई.एस.आय. असेल आणि तुम्ही स्वतः आजारी पडलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. टी.बी., कॅन्सर, अर्धांगवायू अशा चौतीस दीर्घ आजारांची एक वेगळी यादी आहे. दोन वर्षं नोकरी झाली असेल आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर त्या आजारांसाठी ऐंशी टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. पी.एफ. कापला जात असेल तर त्यातल्या पेन्शन योजनेत, नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शन बसतं, आणि त्याला दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एक महिन्याची वर्गणीसुद्धा पुरते. बाबांना यातलं काहीच नव्हतं. स्वतःचं दुकान असलेल्या माणसाला कोण ई.एस.आय. देणार?

आणि कायम सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी : नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये ते आहे. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. त्यामुळे आजारपणात घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. "आता जमणार नाही, मोकळं व्हा" असं सांगणारे हितचिंतक भरपूर भेटतात.

आता आमच्या घरची गोष्ट. डिस्चार्जच्या वेळी मी डॉक्टरांना सर्टिफिकेटचं विचारलं तर ते म्हणाले, "बेटा, सहा महिने थांब." मला राग आला. घरात पैसा येणं आज थांबलंय आणि सहा महिने काय थांब? पण त्यामागे कारण आहे. मेंदूच्या आजारात पहिल्या काही महिन्यांत बरीच सुधारणा होऊ शकते, म्हणून सुरुवातीपासून सहा महिने उलटल्याशिवाय टक्केवारी काढत नाहीत. आजार मोजत नाहीत, आजाराने मागे जे ठेवलं ते मोजतात. ते सहा महिने रिकामे घालवू नका. डिस्चार्ज कार्ड, एम.आर.आय.चा रिपोर्ट, फिजिओथेरपीचे कागद, सगळ्याच्या झेरॉक्स नावानिशी लावून ठेवा. आधारवर, रेशनकार्डावर आणि बँकेत नाव एकसारखं आहे का ते पाहा. बाबांच्या आधारवर आजोबांचं नाव चुकलेलं होतं, ते दुरुस्त करण्यात मार्च गेला. त्यात बोटांचे ठसे देताना उजव्या हाताची मूठ उघडेना. मग डाव्या हातावर आणि डोळ्यांवर काम भागवलं.

सगळ्यात अवघड काम मात्र कागदाचं नव्हतंच. मे २०२४ मध्ये मी सुट्टीत घरी गेले, लॅपटॉप उघडला आणि बाबांना म्हटलं, चला, अपंगाचा फॉर्म भरू. बाबा म्हणाले, "बरोबर", आणि डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आत्याने समजावलं तर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी चिडून बोलले, नको ते बोलले. आईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "अगं, त्यांना वाटतंय तो वाकडा हात पुढे धरून फोटो काढतील." पूर्वी तसे फोटो असायचे खरे, बाबांच्या एका मित्राच्या जुन्या सर्टिफिकेटवर होता. मी नियम उघडून बघितला. २०१७ च्या नियमांतल्या नमुन्यात स्पष्ट लिहिलंय, फोटो फक्त चेहऱ्याचा. हे मी बाबांना वाचून दाखवलं, आधी इंग्लिशमध्ये, मग मोडक्या मराठीत. थोड्या वेळाने त्यांनी आईला खुणेनं दाढीचं सामान आणायला सांगितलं.

अर्ज 'स्वावलंबन कार्ड' नावाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो, आणि १ जून २०२१ पासून सर्टिफिकेट त्याच मार्गाने मिळतं. फी शून्य. (आमच्या गावात तीनशे रुपये घेऊन भरून देणारे आहेत. घ्या बापडे, पण ती सरकारी फी नाही हे लक्षात असू द्या.) फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा, आजाराचे कागद एवढं स्कॅन करून लागतं. अर्ज आपल्या जिल्ह्यात करता येतो, किंवा ज्या सरकारी हॉस्पिटलमध्ये उपचार चालू आहेत तिथेही करता येतो. माणूस स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर पालक करू शकतात. तेव्हा नियमात सर्टिफिकेटसाठी एक महिन्याची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिने झाली. त्याच दुरुस्तीत असंही आलंय की अर्जाचा दोन वर्षं निकाल लागला नाही तर तो बाद होतो. म्हणजे अर्ज टाकून विसरून जाऊ नका.

बोर्डाची तारीख जुलैत आली. सिव्हिलला सकाळी सातला पोचलो. लांबलचक पॅसेज, भिंतीला टेकून बसलेली माणसं, कुणी टेम्पोतून आणलेलं, कुणी पाठीवरून. त्याच महिन्यात एका ट्रेनी आय.ए.एस. अधिकाऱ्यावरच्या आरोपांमुळे बनावट सर्टिफिकेटांचा विषय रोज पेपरात होता, त्यामुळे तपासणी जरा जास्तच कडक चालली होती. डॉक्टरांनी बाबांच्या प्रत्येक सांध्याला हात लावला, ताकद शून्य ते पाच अशी लिहिली, चालायला लावलं, मूठ वळायला लावली. मग वाचा तपासणाऱ्या मॅडमनी पेन दाखवून विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "बरोबर." मागे बसलेलं कुणीतरी हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना विचारलं, एक ते दहा मोजता येतात का? आणि बाबांनी मोजले! एक, दोन, तीन, चार... सलग, न अडखळता. आम्ही दोघी बघतच राहिलो. मॅडम म्हणाल्या, मोजणं, वार, महिने हे पाठ झालेलं असतं, ते कधी कधी वाचतं. आठ महिन्यांत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही बाबांना मोजायला लावलं नव्हतं.

आता टक्केवारी. इथे आपल्या सगळ्यांचा आवडता भाग येतो. बाबांना हात-पायाचे ६० टक्के मिळाले आणि वाचेचे ३०. मामा म्हणाला ९०. नाही! दोन अपंगत्वं असतील तर बेरीज करत नाहीत, सूत्र असं आहे : अ + ब × (९० − अ) ÷ ९०. यात अ मोठा आकडा, ब लहान. म्हणजे ६० + ३० × ३० ÷ ९० = ७०. कंस सोडवून पाहिलंत तर अ + ब − अब ÷ ९० येतं, म्हणजे मोठा-लहान ही अट गणिताच्या दृष्टीने निरर्थक आहे, कुठलाही आकडा आधी घ्या. एम-थ्रीवाल्यांनी ओळखलंच असेल, प्रॉबॅबिलिटीतल्या युनियनचंच हे सूत्र आहे, फक्त एकच्या जागी नव्वद. दोन्ही जागी ९० टाकले तरी उत्तर ९० च येतं. मी हे बोर्डाच्या पॅसेजमध्ये डिस्चार्ज कार्डाच्या मागे सोडवून बघितलं. आई म्हणाली, तुला आत्ता हे सुचतंय? मला तेच सुचत होतं, दुसऱ्या कशाचा विचार करायचा नव्हता.

चाळीस टक्के हा उंबरठा. त्याच्या अलीकडे असाल तर पांढऱ्या रंगाचं कार्ड मिळतं, पण बहुतेक सवलती मिळत नाहीत. चाळीसच्या पुढे पिवळं, ऐंशीपासून निळं. बाबांचं पिवळं. सर्टिफिकेट हातात आलं की टक्क्याच्या खालची ओळ नीट वाचा : आजार वाढणारा आहे, स्थिर आहे की सुधारू शकेल, आणि पुन्हा तपासणी लागेल का, केव्हा. तात्पुरतं असेल तर मुदत संपायच्या आत पुन्हा जावं लागतं. टक्के कमी दिले किंवा नाकारलं असं वाटलं तर कारण लेखी मागायचं, नकाराचं कारण लेखी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि कलम ५९ खाली अपील करता येतं. पॅसेजमध्ये भांडून काही होत नाही, मी भांडून पाहिलंय.

कार्डावर एस.टी.त ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेत, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला स्लीपर आणि थ्री टायर ए.सी.त ७५ टक्के, सोबत्यालाही तेवढीच. मात्र त्यासाठी रेल्वेचा वेगळा दाखला लागतो. (कॅन्सर पेशंटना उपचाराच्या प्रवासाला याच दोन वर्गांत १०० टक्के आहे, तिथे अपंगत्वाचा प्रश्नच नाही.) जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या स्टाफला, घरात दिव्यांग अवलंबून असेल तर ७५,००० ची वजावट, ऐंशी टक्क्यांच्या पुढे १,२५,०००. आणि ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. तिथे जाऊन "आमच्या पाच टक्क्यांचं काय?" असं विचारलं की आधी सगळे एकमेकांकडे बघतात.

पण घर चालायला महिन्याचे पैसे लागतात, आणि त्यासाठी महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, १९८० पासूनची. अर्ज तहसील कचेरीत किंवा सेतूमध्ये करायचा. वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य. दिव्यांगांना किमान चाळीस टक्के. यादीत नुसत्या आजारांचीही नावं आहेत : क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षघात. पक्षघात वाचून मला वाटलं हे निवडणुकीसंबंधी काहीतरी असणार. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांना जे झालंय तेच ते." हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागेल म्हणाले तेव्हा तर माझ्या डोळ्यापुढे पंचतारांकित हॉटेल आलं. माणूस जिवंत आहे हे लिहून द्यायला वेगळा दाखला असतो हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं.

उत्पन्नाच्या अटीने आम्हाला अडवलं. आम्ही अर्ज केला तेव्हा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आणि दिव्यांगांसाठी ५०,००० होती. २१,००० भागिले बारा, म्हणजे महिना १,७५०. माझा मेसचा एका महिन्याचा खर्च त्याहून जास्त आहे. बरं, दाखला मिळतो मागच्या आर्थिक वर्षाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही गेलो तेव्हा मागचं वर्ष म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४, आणि त्यातले आठ महिने बाबा ठणठणीत होते, दुकानातून लाखभर आले होते. आज घरात शून्य आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण कागदावर लाख होते.

सेतूबाहेर बसणाऱ्या एका दादांनी सांगितलं, "त्यात काय, एकोणपन्नास हजार टाकतो. सगळेच टाकतात." आईने माझ्याकडे बघितलं. मी खरं सांगते, मला ते पटलं होतं. आपण कुणाचं काय चोरत होतो? दादांनी बाबांना मोठ्याने विचारलं, "काय काका, टाकू ना एकोणपन्नास?" बाबा म्हणाले, "बरोबर." दादांनी पेन उघडलं. आणि बाबांनी डाव्या हाताने तो फॉर्म ओढून घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. घरी येईपर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही. खोटी माहिती देऊन दिव्यांगांचा लाभ लाटला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे कलम ९१ मी नंतर वाचलं. बाबांनी ते वाचलेलं नव्हतं.

मग एप्रिल २०२५ पर्यंत थांबलो. ते सहा-सात महिने कसे गेले ते लिहीत नाही. आईने पोळ्या लाटून द्यायला सुरुवात केली. दुकान भाड्याने दिलं नाही, ते नुसतं बंद राहिलं, कारण बाबा चावी देईनात. २०२४-२५ पासून आमच्या गटातल्या मुलींची फी पूर्ण माफ झाली म्हणून मी इथे आहे. त्या सवलतीला उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. एकाच तहसीलदारांच्या सहीचा दाखला, एका खिडकीवर आठ लाखांपर्यंत गरजू, दुसऱ्या खिडकीवर पन्नास हजारांच्या वर श्रीमंत. याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

एप्रिलमध्ये २०२४-२५ चा खरा दाखला मिळाला, ४२,००० चा, आईच्या पोळ्यांचा. मे महिन्यात अर्ज गेला. तलाठी भाऊसाहेब घरी येऊन चौकशी करून गेले, समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली, पावसाळा गेला. पोचपावतीचा नंबर आईने देवघरात चिकटवला होता. मंजुरी दिवाळीनंतर आली. मधल्या काळात एक चांगलं झालं : जुलै २०२३ पासून महिना १,५०० असलेली रक्कम दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली. पहिला हप्ता डिसेंबरमध्ये आधार जोडलेल्या खात्यात जमा झाला. आईच्या मोबाइलवर मेसेज आला तो तिला बँकेच्या फसवणुकीचा वाटला, तिने मला फोन केला आणि मी प्रॅक्टिकल सोडून बाहेर येऊन तो तीनदा वाचला.

२,५०० मध्ये बाबांची गोळ्या-औषधं आणि फिजिओचे निम्मे पैसे निघतात. त्यातल्या पहिल्या महिन्याच्या पैशांतून बाबांनी पाव किलो तांब्याची एनॅमल वायर आणवली. खुणेनं गेज दाखवला. आता रोज सकाळी मामाचा मुलगा दुकान उघडतो, बाबा खुर्चीवर बसतात, तो हँडल फिरवतो आणि बाबा वेढे मोजतात. एकशे वीस वेढ्यांची कॉइल असेल तर एकशे वीसपर्यंत, मध्ये चुकत नाहीत. माझं नाव अजून येत नाही. मी फोनवर विचारते, बाबा, किती झाल्या कॉइल? तर म्हणतात, "बरोबर", आणि मग मागून मामाचा मुलगा आकडा सांगतो.

कुणाला घरच्यांचा अर्ज भरायचा असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या रूमवर या, मेसच्या मावशींना विचारलं तरी त्या रूम दाखवतील. जुना स्कॅनर आहे, चालतो. येताना डिस्चार्ज कार्ड आणि आधार ओरिजिनल आणा, फोटो फक्त चेहऱ्याचा. सबमिशनच्या आठवड्यात मात्र येऊ नका.